जर्मनीतील बीडच्या दोन बायका

मुक्ताबाईला जर्मन म्हणजे पातेलं ठाऊक होतं. हलकं, पांढरं, एकदा चेपलं की चेपलेलंच राहणारं. आमच्याकडं त्याला जर्मलचं भांडं म्हणतात. त्यामुळं "मी पुण्याच्या कॉलेजात तीस वर्षं जर्मन शिकवलं" असं धारूरच्या वत्सलाबाईंनी सांगितलं, तेव्हा मुक्ताबाईनं समजुतीनं मान हलवली आणि लगोलग जाऊन केशरबाईला बातमी दिली.

"बाई भांड्याचे पोचे काढायला शिकवायची म्हणं. तीस वर्सं. वर पगार!"

"हात बघितलंस का तिचं?" केशरबाई म्हणाली. "पोचे काढणारीचं न्हाईत ते."

केशर अशीच. बोलायची कमी, बघायची जास्त. मुक्ताबाईचं उलटं होतं. तिचं तोंड झोपेतही बंद नसायचं, असं ऊसतोडीच्या टोळीतली माणसं म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

सन दोन हजार तेराचा उन्हाळा. पाऊस दोन वर्षं रुसलेला. ऊसच नव्हता म्हणून हंगाम संपून कारखान्याचा पट्टा फेब्रुवारीतच पडला आणि तोडणीच्या टोळ्या दोन महिने आधी गावाकडं परत आल्या. गावात येऊन करायचं काय, तर हंड्याच्या रांगेत उभं राहायचं. शेवटी सहकारी दूध संघानं धारूरचा घाट उतरल्यावरच्या माळावर चारा छावणी घातली. अकराशे जनावरं आणि त्यांच्यासोबत त्यांची माणसं. सकाळी टँकर, मग चारा, मग शेणघाण, आणि त्यानंतर दिवस मावळेपर्यंत रिकामपण. दिवसाला दोन टन ऊस आडवा करणाऱ्या बाईला रिकामं बसवलं की ती एक तर भांडते, नाही तर फुगडी घालते. छावणीत दोन्ही चालायचं.

वत्सलाबाई आल्या होत्या भावाच्या म्हशीमागं. भाऊ शहादेव पायाला प्लास्टर घालून घरी पडलेला, मग म्हशीसोबत राहणार कोण? धारूरच्या बौद्धवाड्यातून सगळ्यात आधी बी.ए. झालेली ही बाई निवृत्त होऊन माहेरी आली ती थेट म्हशीच्या दाव्याला. म्हैस तिला जुमानत नसे. बाई मात्र लिंबाच्या पारावर बसून, मांडीवर वही घेऊन, एका जुनाट पुस्तकातलं काहीतरी उतरवत बसायच्या. चार ओळी लिहायच्या, तीन खोडायच्या.

चौथ्या दिवशी मुक्ताबाईला राहवेना. "बाई, लिवताय कावून आन् खोडताय कावून?"

तेव्हा कळलं की जर्मन ही भाषा आहे, आणि भांड्यांचा गैरसमज मिटला. पुस्तक शंभर वर्षांपूर्वी एका जर्मन बाईनं लिहिलेलं. गोष्ट बीटाच्या रानात राबणाऱ्या दोघींची, एक गेर्टा आणि एक लीना. तिकडं ऊस होत नाही, साखर बीटाची करतात. थंडीच्या तोंडावर गरीब मुलखातली माणसं टोळी करून बीट उपटायला जातात. मुकादम नेतो. गोठ्यात राहतात. हंगाम संपला की परत.

"म्हंजी आमीच की!" मुक्ताबाई ओरडली, तशा आणखी आठदहा बायका पाराभोवती जमल्या.

बाईंनी वाचायला घेतलं. गेर्टाची लगेच गिरजा झाली आणि लीनाची लीला, कारण तोंडाला तेच सोपं. रानात गुडघाभर चिखल आहे, हे ऐकून सगळ्यांनी सुस्कारा सोडला. इतका चिखल, तोही फुकटचा! मग एका जागी बाई थांबल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. या नुसत्या मैत्रिणी नव्हत्या. एकमेकींवर जीव होता. नवरा-बायकोचा असतो तसा."

भिवराबाई सगळ्यांत म्हातारी, छत्तीस हंगाम केलेली. ती तंबाखू थुंकून म्हणाली, "मग? पाचटाच्या कोपीत काय काय ऱ्हातंय ते आमाला शिकवती व्हय? वाच पुढं."

बाई हसल्या आणि वाचू लागल्या. मुक्ताबाईनं चोरून केशरकडं बघितलं. केशर पदराचा दोरा ओढत होती.

आता या दोघींचं सांगितलंच पाहिजे. मुक्ताबाईचा नवरा लवकर गेला. केशरला मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसऱ्याच वर्षी माहेरी घातली. दोघी एकाच गावच्या, एकाच टोळीत गेल्या, आणि एकटीला कोपी बांधणं जमेना म्हणून एका कोपीत राहिल्या. तो पहिला हंगाम. त्यानंतर अठरा झाले. हंगाम नसतानाही त्या एकाच पत्र्याखाली राहत. एकीला ताप आला की दुसरी जेवत नसे. मुक्ताबाईला जे वाटायचं त्याला नाव नव्हतं, आणि नाव नाही म्हणून कधी अडलंही नव्हतं.

अडायचं एकाच ठिकाणी. तोडणीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा. दर दिवाळीनंतर मुकादम सुग्रीव टोळीची यादी करायचा, आणि एकोणीस वर्षं या दोघींपुढं लिहायचा, मुक्ताबाई अर्धा, केशरबाई अर्धा. फड एक, कोपी एक, मोळ्यांचा ढीग एक, तरी यादीत अर्धा आणि अर्धा. इथं छावणीतही तेच झालं. दूध संघाचा राधाकिशन कार्डं वाटायला होता. दोन नावं म्हणून दोन कार्डं, आणि दोन कार्डं म्हणून दोन दावणी. मुक्ताबाईची गाय चौथ्या रांगेत, केशरची अकराव्या. बायका एका जागी आणि गायी दोन टोकांना. दिवसातून चार वेळा माळ तुडवावा लागायचा.

गोष्ट ऐकता ऐकता बायकांना बसवेना. बीट कसं उपटतात यावर वाद लागला. केशर काही न बोलता उठली. आधी ऊस तोडून दाखवला, खाली वाकून, बुडाशी घाव घालून, वर उचलून. मग तसंच वाकली, दोन्ही हातांनी मातीतलं काहीतरी धरलं, मागं रेलली, आणि ते सुटल्यावर एक पाऊल धडपडली. पाय चिखलात असल्यासारखे जड उचलत होती. त्या रखरखीत माळावर चिखल दिसला! वत्सलाबाईंनी वही मिटली.

"हे पहिलं पान झालं," त्या म्हणाल्या. "मला चार महिने लागले होते."

त्या दिवसापासून पारापुढं पुस्तक खेळायला सुरुवात झाली. बाई एक पान वाचायच्या, बायका ते अंगात आणायच्या. बीट उपटलं की दोन बीटं एकमेकांवर आपटून माती झाडतात, असं पुस्तकात होतं. त्याला जर्मलच्या वाट्या घेतल्या. दहा बायकांच्या वीस वाट्या एकदम वाजल्या की म्हशी माना वर करायच्या. गिरजा मुक्ताबाई झाली, लीला केशर. थंडीत गोठ्यात दोघी एका घोंगडीखाली निजतात, ते पान कसं खेळायचं यावर बराच खल झाला. शेवटी केशरनं फुगडीचे हात धरले आणि उभ्या उभ्या, एका जागी, अगदी सावकाश फुगडी फिरवली. इतक्या सावकाश फुगडी कुणी बघितली नव्हती. मुक्ताबाईला त्या फुगडीत बोलायला काही सुचलं नाही, ही छावणीतली मोठीच घटना होती.

अडलं ते शेवटच्या पानावर. हंगाम संपतो. मुकादम गाड्या लावतो. जोडपी एका गाडीत, एकट्या बाया दुसऱ्या गाडीत, दुसऱ्या मुलखाला. तो गिरजा-लीलाला विचारतो, तुम्ही कोण? गिरजा म्हणते, आम्ही 'पार' आहोत.

"पार? हा असला?" भिवराबाईनं बसल्या जागी लिंबाचा पार थोपटला.

"जर्मनमध्ये पार म्हणजे जोडपं," बाई समजावू लागल्या. "आणि पार म्हणजेच थोडेसे, चारदोन. कानाला दोन्ही सारखे. लिहिताना जोडप्याचा पार मोठ्या अक्षरानं लिहितात, एवढाच फरक. मुकादमाला ऐकू येतं, आम्ही आपल्या चारदोन जणी. वाचणाऱ्याला दिसतं, आम्ही जोडपं. एकच शब्द, लपवतोही आणि सांगतोही. दोन वर्षं शोधतेय. जोडपं म्हटलं तर मुकादमालाही कळतं. जोडी म्हटलं तर बैल आठवतात. आणि आपल्याकडं मोठं अक्षरच नाही."

मुक्ताबाईच्या तोंडात शब्द आला. कोयता. एकोणीस वर्षं तोच तर हवा होता. कामाचा शब्द, कुणाला काही खटकणार नाही, आणि ज्याला कळायचं त्याला सगळं कळेल. पण तो उच्चारायचा म्हणजे केशरवर हक्क सांगायचा, आणि केशरनं नाही म्हटलं तर? मुक्ताबाईनं आयुष्यात पहिल्यांदा आलेला शब्द गिळला.

गिळायला कारणही होतं. आदल्या रविवारी केशरचा घाटनांदूरला जाऊन राहिलेला भाऊ मोहनराव आला होता. माणूस वाईट नव्हता. येताना पाण्याचा कॅन आणि शेव आणली होती. त्याच्या बोअरला अजून पाणी होतं, बायको आजारी होती, घरात हक्काचं माणूस हवं होतं. "चल की घरी," तो केशरला म्हणाला. "हितं उन्हात कावून मरती? तुजं हितं कोन हाय?"

मुक्ताबाई तिथंच उभी होती, हातात शेव घेऊन. केशर म्हणेल काहीतरी, म्हणून ती थांबली. केशर एवढंच म्हणाली, "बघू. कार्यक्रम झाल्यावर." मुक्ताबाईनं भांडावं तर कशाच्या जोरावर? बहीण म्हणावं तर भाऊ रक्ताचा. मैत्रीण म्हणावं तर मैत्रिणी काय, उठून आपापल्या घरी जातात.

ही कार्यक्रमाची टूम दूध संघाच्या चेअरमन बबनरावांची, त्या रविवारच्या आधीचीच. छावणीला साठ दिवस झाले होते, जयंतीच्या मिरवणुकीनं सगळ्यांच्या अंगात हुरूप होता. वाट्यांचा आवाज ऐकून बबनराव पारापाशी आले आणि म्हणाले, "हे शनवारी समद्यांपुढं व्हऊ द्या. पाच वाजता. फळा लिवा."

फळा लिहिला राधाकिशननं. वत्सलाबाईंनी नाव सांगितलं होतं, जर्मनीतील बीटाच्या दोन बायका. राधाकिशनला बीट हा शब्द ठाऊक नव्हता, आणि शाळेपासून हाताला दुसऱ्याच अक्षराची सवय. रस्त्याच्या कडेला त्यानं झोकात रंगवलं:

जर्मनीतील बीडच्या दोन बायका.

शनिवारी माणसांची रीघ लागली. धारूरची आली, केजची आली, युसूफ वडगावहून तर टेम्पो भरून आला. आपल्या बीडच्या कोण दोन बायका जर्मनीला गेल्या हे सगळ्यांनाच बघायचं होतं. युसूफ वडगावकरांनी त्या आपल्याच गावच्या असल्याचं सांगायला सुरुवातही केली होती. बबनरावांनी भाषण ठोकलं. "आपली मानसं पोटामागं कुठं कुठं गेली! कर्नाटकात गेली, गुजरातेत गेली, आन् जर्मनीत बी गेली!" टाळ्या पडल्या. वत्सलाबाईंनी चूक सुधारायला तोंड उघडलं, समोरच्या गर्दीकडं बघितलं, आणि पुन्हा मिटलं.

पुढच्याच रांगेत मोहनराव बसला होता. पायाशी रिकामी पिशवी. केशरचं सामान न्यायला.

छावणीतल्या कचरूनं हलगीवर थाप मारली. बायका रांगेनं आल्या, वाकल्या, उपटू लागल्या. वाट्या वाजल्या. जड पाय उचलताना भिवराबाईचा तोल गेला तो खराच, पण लोकांना वाटलं चिखलच इतका आहे. "लई चिखूल हाय की तिकडं!" कुणीतरी हळहळून म्हणालं. मग ती सावकाश फुगडी आली. हलगी थांबली. दोघी एकमेकींकडं बघत फिरत राहिल्या. समोरच्या दोन हजार माणसांतल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

शेवटचं पान. जर्मन मुकादमाचं सोंग सुग्रीवकडंच होतं. दुसऱ्या कुणाला ते जमेना, आणि त्याला वेगळं काही करावंही लागत नव्हतं. डोक्यावर बबनरावांची हॅट, हातात कागद. तो रांगेतून प्रत्येकीपुढं थांबत विचारत गेला आणि मुक्ताबाईपुढं आला.

"तुमी कोन?"

तालमीत ठरलेलं वाक्य होतं, आमी संगतीनं हाव. बाईंनाच ते आवडलेलं नव्हतं, पण वेळ मारून न्यायला दिलं होतं. मुक्ताबाईनं ते म्हणायचं सोडून दुसरा शब्द म्हणायचं मनाशी पक्कं केलं होतं. सकाळपासून केलं होतं. पण समोर सुग्रीव, त्याच्या मागं मोहनराव आणि मोहनरावाच्या पायाशी ती पिशवी. छावणीभर ऐकू जाणारी मुक्ताबाई मुकी झाली.

"तुमी कोन, म्हनतो मी?" सुग्रीव वैतागला. त्याला तालमीतलं वाक्य हवं होतं.

लीलाला पुस्तकात बोलायचंच नव्हतं. केशर एक पाऊल पुढं आली. अंगठ्यानं मुक्ताबाईकडं दाखवलं, मग स्वतःकडं.

"लिवा मुकादम. एक कोयता."

आधी हशा पिकला. दोन बायांचा कोयता! मग हसणं विरत गेलं, कारण केशर हसत नव्हती. माळावरची निम्मी माणसं तोडणी केलेली होती. कोयता म्हणजे काय हे त्यांना सांगायला नको होतं. वत्सलाबाई खुर्चीवरून उठल्या आणि उभ्याच राहिल्या.

सुग्रीवनं कागदाकडं बघितलं. हॅट काढून डोकं खाजवलं. तो आता जर्मन राहिला नव्हता. "एकोनीस साल कुठं गेलतीस?" तो म्हणाला. "आदी सांगायला तोंड नव्हतं व्हय? मला काय, कागद माजा न् पेन माजा." आणि त्यानं मोठ्यानं म्हणत लिहिलं, "मुक्ताबाई केशरबाई. एक."

हलगी अशी कडाडली की चार गायींनी दावी तोडली. मग भिवराबाईसकट सगळ्या बायकांनी फुगड्या धरल्या, या वेळी चांगल्या जोरात. मुक्ताबाई नाचताना रडत होती आणि रडताना बोलत होती. गेलेलं बोलणं सगळं एकदम परत आलं होतं.

"तुमच्यातला गडी कोन मग?" गर्दीतून एक टवाळ ओरडला.

"ज्या दिवशी जिची पाठ दुकत न्हाई ती," केशरनं फिरता फिरता उत्तर दिलं, आणि त्यावर बायका सगळ्यात जास्त हसल्या.

गर्दी पांगल्यावर मोहनराव जवळ आला. पिशवी हातात तशीच. "चलायचं ना, केशर?"

"दादा, तू इचारलतंस ना, हितं तुजं कोन हाय?"

"ते सोंग व्हतं की गं."

"सोंगच व्हतं," केशर म्हणाली. "लिवलेलं खरं हाय. वैनीला बरं न्हाई तवर आमी दोघी येऊन चार दिस काम करून जाऊ. दोघी."

मोहनरावानं रिकाम्या पिशवीची घडी केली. मग मुक्ताबाईकडं वळून म्हणाला, "मुक्ताक्का, पान्याचा कॅन परत द्या. भरून आनतो पुढल्या रविवारी." मुक्ताबाईनं कॅन धुवायला धाव घेतली, मग पाणी नाही हे आठवून नुसताच पदरानं पुसून दिला.

पारावर वत्सलाबाई वही उघडून बसल्या होत्या. शेवटच्या पानावरची सगळी खाडाखोड त्यांनी एका रेघेनं उडवली आणि खाली एकच शब्द लिहिला. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "मुक्ताबाई, हा शब्द तुमच्या मनात होता ना? त्या दिवशी तुमचा चेहरा मी बघितला होता."

"व्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तिचा तिला म्हनू द्यावा," मुक्ताबाई म्हणाली. हे खोटं होतं, पण तिला ते तिथल्या तिथं इतकं पटलं की पुढं ती सगळ्यांना तसंच सांगू लागली.

तेवढ्यात राधाकिशन ओरडत चौथ्या रांगेकडं धावला. केशर अकराव्या रांगेतनं आपली गाय सोडून घेऊन आली होती, आणि मुक्ताबाईच्या गायीशेजारी खुंटा ठोकत होती.

"ओ केशरबाई! कार्डं दोन हायत तुमची! दावन बदलता येत न्हाई!"

केशरनं मान वर केली नाही. दगडानं खुंट्यावर आणखी दोन घाव घातले, हलवून बघितला, आणि दावं बांधलं.

"तुजा फळा दुरुस्त कर आदी," ती म्हणाली. "मग कार्ड बी कर."